कच्च्या पाण्याची पूजा

ग्लासगो, ५ डिसेंबर १९७६

प्रिय कस्तुर,

झवेरचा जय जिनेंद्र. सुखरूप पोचले. गाडीत कोणाचं काही खाल्लं नाही, तू दिलेले खाकरे पुरले. इथली थंडी आपल्या लेस्टरच्या थंडीची मोठी बहीण आहे.

सरला पलंगावर पडून आहे. पोटात सहावा महिना लागलाय आणि चेहरा बघशील तर पांढराफटक. पहिलं मूल याच महिन्यात गेलं. तेव्हा मला किसुमूहून इकडचा व्हिसाच मिळाला नव्हता, आणि पोर एकटी इस्पितळात होती. आता मला दारात बघून आधी हसली, मग रडायला लागली. जावई महेंद्रकुमार बिचारे दिवसभर औषधांच्या दुकानात उभे असतात, घरी येऊन खिचडी जाळतात. दोन आठवडे राहून सगळं मार्गी लावते आणि येते.

आता माझ्या घरच्या शांतिनाथांचं. तू मनात म्हणशील, निघताना इतकं सांगितलं तरी बाईचं समाधान नाही. नाहीच! प्रतिष्ठा झालेली मूर्ती एक दिवससुद्धा पूजेवाचून ठेवायची नसते. सासूबाईंनी ती माझ्या हाती दिली ती हेच बजावून, आणि किसुमूहून येताना विमानात मी तिला मांडीवरून खाली ठेवलं नाही. पाटणच्या राणीला एवढा मान मिळाला नसेल.

अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, तोंडावर कापड बांधूनच आत जायचं. आधी दूध, मग पाणी. मग तिन्ही कापडांनी कोरडं करायचं, कुठेही ओल राहता कामा नये. मग अनामिकेनं केशरचंदन लावायचं, अंगाच्या नऊही जागी. फूल, दिवा, तांदूळ.

तू स्थानकवासी, मूर्ती मानत नाहीस, हे मी विसरलेले नाही. मीही माहेरची तुमच्यातलीच, लग्नानंतर मूर्ती पूजणारी देरावासी झाले. गल्लीतल्या आमच्या बायका एक तर कारखान्यात जातात, नाहीतर कांदा-लसूण खातात. तुझं स्वयंपाकघर माझ्याहून सोवळं, म्हणून घराची किल्ली तुला दिली. देव नको समजू. नणंदेचं पितळेचं भांडं समज, पण नीट घास.

हिरजीला सांग, टोमणे मारायला बहीण आता तिथे नाही, तेव्हा तोंडाला थोडी विश्रांती दे.

तुझी
झवेर

—

लेस्टर, १० डिसेंबर १९७६

पूज्य झवेरबेन,

कस्तुरचा नमस्कार आणि जय जिनेंद्र. पत्र वाचून सरलाची काळजी वाटली. तिला मूग आणि तूप द्या, इंग्रज डॉक्टर काहीही सांगोत.

तुमचं भांडं चकचकीत आहे. रोज उजाडल्यावर जाते. तुमचं मागचं देवघर म्हणजे बर्फाची पेटी हो! तिथे अंघोळ करून उभं राहायचं म्हणजे मलाच सिद्धपद मिळेल. तोंडावर कापड बांधायचं मला काय शिकवता, आमची मुहपत्ती जन्माची सोबतीण आहे.

तुमच्या भावानं पहिल्या दिवशी विचारलं, "काय गं, पितळेची मोलकरीण झालीस? पगार किती देतात भगवान?" मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा जास्त. ते निदान उलटून बोलत नाहीत." तेव्हापासून जरा गप्प आहेत. आपल्या जैन मंडळात मात्र त्यांचा आवाज चढलाय. नवा हॉल घ्यायचं चाललंय ना, तर यांचं एकच पालुपद, हॉलमध्ये मूर्ती आली की मी बाहेर. देरावासी मंडळी म्हणतात, मूर्ती नसेल तर आमची वर्गणी बाहेर. एकूण हॉलमध्ये आत कोणीच राहणार नाही असं दिसतंय.

एक शंका आहे. दारातल्या दुधाच्या बाटलीचं झाकण चिमण्या टोचतात. ते दूध चालतं का? मी दोन दिवस ते बाजूला ठेवून दुकानातून दुसरं आणलं.

पाण्याची मात्र अजिबात काळजी करू नका. रोज संध्याकाळी उकळून, गार करून, गाळून ठेवते. फुलंही तोडत नाही, लवंगा वाहते. कोणत्याही जिवाला माझ्या हातून इजा झालेली नाही.

तुमची
कस्तुर

—

ग्लासगो, १५ डिसेंबर १९७६

कस्तुर,

उकळलेलं पाणी? अगं, भगवंतांना अंघोळ घालतेस की त्यांचा काढा करतेस?

पूजेला कच्चं पाणी लागतं. गाळलेलं, ताजं, कच्चं! उकळलेलं पाणी आपण प्यायचं. माझ्या सासूबाई वर असतील तिथे कपाळाला हात लावून बसल्या असतील. फूल मिळत नसेल तर लवंग चालेल, तेवढी सूट देते. चिमणीनं टोचलेलं दूध चिमणीलाच घाल.

तुझा दोष नाही, हे मला कळतं. तुझ्या लेखी कच्च्या पाण्याच्या एका थेंबात असंख्य जीव, उकळलेलं तेवढं निर्जीव; मग ते जीव पितळेवर ओतून मारायचे कशाला. माझ्या आईनंही हेच सांगितलं असतं. पण आता काय करू ते सांग.

काल मोठा डॉक्टर येऊन गेला. सरलानं बाळ होईपर्यंत पलंगावरून उठायचं नाही म्हणाला. म्हणजे मार्च. मी महेंद्रकुमारांना म्हटलं, मला लेस्टरला जायलाच हवं, घरात भगवान आहेत. त्यांनी गाड्यांचं वेळापत्रक आणून दिलं, जावईच ते. सरला म्हणाली, "बा, जा तू. तुझं तिथं काम आहे." आणि असं म्हणताना माझा हात सोडेना.

मी पुढच्या गुरुवारी निघते. इकडे लेक, तिकडे शांतिनाथ, माझे दोन तुकडे झालेत. पण लेकीजवळ नवरा तरी आहे. भगवंतांजवळ कोण आहे?

झवेर

—

लेस्टर, १८ डिसेंबर १९७६

पूज्य झवेरबेन,

खबरदार निघालात तर! वडीलधाऱ्या आहात म्हणून नमस्कार आधी करते आणि मग भांडते.

भगवंतांजवळ कोण आहे म्हणता. मी नाही का? रोज जाऊन गोठते ती काय थंड हवा खायला?

तुमचं पत्र हाती घेऊन मी बराच वेळ स्वयंपाकघरात बसले. लहानपणापासून आमच्या आईनं कच्च्या पाण्याला हात लावताना हळू बोलायला शिकवलंय. मी नळसुद्धा पुरता सोडत नाही. आणि आता मुद्दाम रोज ते पाणी ओतायचं! पण सरला डोळ्यांसमोरून जाईना. शेवटी कालपासून लहान वाटीभर कच्चं पाणी घेते, त्याहून जास्त नाही. तेवढ्यात तुमचे भगवान भिजतात. मग संध्याकाळी सामायिकाला, ध्यानाला बसते तेव्हा त्या पाण्यातल्या जिवांची क्षमा मागते. त्या पाण्याचं जे काही पाप असेल ते माझ्या खाती राहू दे. तुम्ही लेकीपाशी राहा.

तिकीट काढलं असेल तर परत करा. तुमच्या भावाची शपथ घालते. ते ऐकून म्हणाले, "माझी शपथ कशाला? भगवंताची घाल की, आता तुझी ओळख झालीय."

तुमची
कस्तुर

—

ग्लासगो, ४ जानेवारी १९७७

प्रिय कस्तुर,

तुझं पत्र मी उशीखाली ठेवलंय. सरलाला वाचून दाखवलं, तर ती हसली, आणि पोटात बाळानं लाथ मारली. मी नणंद म्हणून तुझ्याशी कधी गोड वागल्याचं मला आठवत नाही. तू एवढं करशील असं वाटलं नव्हतं.

पण आज पोळ्या लाटता लाटता एकदम हात थांबला. अगं, तुझे महिन्याचे चार दिवस! तू काही माझ्यासारखी म्हातारी नाहीस. मी मेली इतकी वर्षं त्या कटकटीतून सुटलेय की लक्षातच आलं नाही. माझे तसे दिवस होते तेव्हा हे पूजा करायचे. हे गेले तोवर माझी सुटका झाली होती, म्हणून कधी विचार करायची वेळच आली नाही.

तुझे दिवस एव्हाना येऊन गेले असतील. त्या चार दिवसांत भगवंतांची पूजा कोणी केली? उलट टपाली लिही. जीव टांगणीला लागलाय.

झवेर

—

लेस्टर, ८ जानेवारी १९७७

पूज्य झवेरबेन,

पूजा झाली. एकही दिवस चुकला नाही. शुद्ध अंगानं, शुद्ध कपड्यानं झाली. कोणी केली ते विचारू नका, मला सांगायची बंदी आहे.

इकडे बर्फ खूप पडलाय. तुमच्या छपराचा नळ फुटला होता, तो दुरुस्त करून घेतला. समोरच्या मिसेस बॅक्स्टरनं विचारलं, तुमच्या मागच्या खोलीत सकाळी दिवा कसा असतो. मी म्हटलं, पाहुणे आहेत. सरलाच्या पायाला सूज असेल तर पाय उशीवर ठेवायला सांगा.

तुमची
कस्तुर

—

ग्लासगो, १३ जानेवारी १९७७

कस्तुर,

मी खुळी नाही. बंदी कसली नि कोणाची? तुला दुसरं कोणी मिळालं नाही आणि तू स्वतःच त्या दिवसांत आत गेलीस. माझा जीव घाबरू नये म्हणून लपवतेस. तू मानत नाहीस, तुला त्यात काही वाटलं नसेल. मला मात्र अन्न गोड लागेना. दोन दिवस सरलाला थोडं रक्त दिसतंय, आणि माझ्या मनात काय काय येतं ते कागदावर लिहवत नाही.

मी ठरवलंय. पुढच्या शनिवारी येते, मूर्ती घेते आणि लंडनला आमच्या देरावासींतल्या वेलजीभाईंच्या घरी पोचवते. त्यांच्याकडे सुना-मुलं आहेत, पूजा होईल. ती पुन्हा परत मागता येणार नाही, दिली की दिली. सासूबाईंना दिलेला शब्द मोडेल, पण असला घोळ नको. सरलाला तीन दिवस एकटं ठेवावं लागेल. डॉक्टर नको म्हणतोय. पण दुसरा इलाज नाही.

तुझ्यावर रागावलेले नाही. थकलेय.

झवेर

—

लेस्टर, १५ जानेवारी १९७७

झवेर,

हिरजीचा जय जिनेंद्र. तुझं पत्र वाचून कस्तुर ओट्याशी उभी राहून रडते आहे आणि वरण करपलं आहे. म्हणून लिहायला बसलो. पत्र वाचलंस की जाळून टाक.

पूजा मी केली.

हसून घे. झालं? आता ऐक. कस्तुरचे दिवस आले तेव्हा ती तुझ्या उंबरठ्याबाहेर थंडीत उभी होती. मी रात्रपाळी संपवून मोज्यांच्या कारखान्यातून घरी येत होतो. म्हणाली, "आता काय करू? त्यांची लेक तिकडे पडलीय, आणि यांची पूजा चुकली की त्या धावत येणार." मी म्हटलं, देरावासींतल्या कोणाला बोलाव. मग लक्षात आलं की बोलावलं तर सगळ्या मंडळात बोभाटा होईल, हिरजीच्या बायकोनं मूर्तीची किल्ली घेतलीय. त्यापेक्षा आपणच उरकावं. कोणाला कळणार नाही.

पूजेला न शिवलेलं वस्त्र लागतं म्हणाली. माझ्याकडे कुठलं असणार? धुतलेली चादर गुंडाळली. कस्तुर बाहेरून एकेक सांगत होती आणि मी आत कुडकुडत करत होतो. बर्फाच्या पाण्यानं अंघोळ केलेला, चादरीतला, पन्नाशीचा बाप्या. तू पाहिलं असतंस तर जन्मभर मला चिडवलं असतंस.

मूर्ती मी मानत नाही. आजही नाही. मुक्त झालेल्याला अंघोळीची गरज नाही, हे मी तुला तुझं लग्न झाल्यापासून सांगतोय. पण एक सांगतो, तू मोठी आहेस म्हणून. ते कापडानं कोरडं करायचं असतं ना. कानामागे थेंब राहतो, कोपराच्या आत राहतो. तो टिपायला मी वाकलो आणि मला बापू आठवले. ते किसुमूत गेले, तेव्हा तुम्ही सगळे तिथे होतात. त्यांना शेवटची अंघोळ तुझ्या यजमानांनी घातली. मी इथे बसच्या रांगेत उभा होतो. थोरला मुलगा मी, आणि माझा हात त्यांच्या अंगाला लागला नाही. हे मी कोणाला बोललो नव्हतो. कस्तुरलाही नाही. त्या खोलीत मात्र खूप रडलो. चादरीनं डोळे पुसले. ती चादर लगेच बदलली, तेव्हा अशुद्धीचं काही मनात आणू नकोस.

तुझी मूर्ती ठीक आहे. एकही दिवस चुकलेला नाही आणि चुकणार नाही. तू येऊ नकोस. लंडन-बिंडन काही नाही.

हिरजी

ता. क. पूज्य झवेरबेन, मी कस्तुर. हे पाकीट चिकटवायच्या आत चार ओळी लिहिते. माझे दिवस केव्हाच संपले, तरी हे मला आत जाऊ देत नाहीत. म्हणतात, तू कोपर नीट पुसत नाहीस. माझ्याकडे आता फक्त चंदन उगाळायचं काम उरलंय. पाणी मात्र वाटीभरच, त्यावर आमचं दोघांचं एकमत आहे.

—

ग्लासगो, १९ जानेवारी १९७७

हिरजी, माझ्या भावा,

पत्र जाळलं नाही. जाळणारही नाही, हवं तर भांड.

मी हसले आणि रडले, दोन्ही एकदमच. सरला घाबरून विचारायला लागली, "बा, कोण गेलं?" मी म्हटलं, कोणी गेलं नाही गं. तिचं रक्त थांबलंय. डॉक्टर म्हणतो, बाळाचे ठोके चांगले आहेत. तिकीट परत केलं.

बापूंना अंघोळ घालताना हे म्हणत होते, हिरजीच्या वाटचं मी करतोय. तुला सांगायचं राहून गेलं. एवढ्या वर्षांत आपण दोघं नुसते मूर्तीवरून भांडलो, दुसरं काही बोललोच नाही.

आता मोठ्या बहिणीचा हुकूम ऐक. चादर बंद! माझ्या पलंगाखालच्या पेटीत यांचं पूजेचं धोतर आणि खांद्यावर घ्यायचा खेस आहे. रेशमी आहे, जपून नेस. ते गेल्यावर मी कोणाला हात लावू दिला नव्हता. तुला जरा आखूड होईल, तू ताडमाड वाढलास. कस्तुरला म्हणावं, माझं चुकलं. तोंडावर म्हणायला मला जमणार नाही, म्हणून पत्रात म्हणते.

झवेर

—

लेस्टर, २१ फेब्रुवारी १९७७

पूज्य झवेरबेन,

तुम्हाला हसायला एक गोष्ट पाठवते. सरलाला जपून ऐकवा, फार हसवू नका.

काल हॉलसाठी मंडळाची सभा होती. शाळेची मोठी खोली माणसांनी भरली होती. आमचे हे बोलायला उभे राहिले. नेहमीचंच, आत्म्याला मूर्तीची काय गरज, वगैरे. बोलताना हात वर करायची सवय तुम्हाला ठाऊक आहेच. पुढच्या रांगेत लखमशीभाई बसले होते, तुमचे कट्टर देरावासी. ते मध्येच म्हणाले, "हिरजीभाई, हात जरा तसाच ठेवा." यांनी ठेवला. "अनामिकेला काय लागलंय?"

केशर! पार नखापर्यंत पिवळं. बाकी बोटं स्वच्छ, आणि तेवढंच एक बोट पिवळं. त्या खोलीत एकाही माणसाला सांगावं लागलं नाही की ते बोट कशानं रंगतं. असा हशा उठला की शाळेचा चौकीदार बघायला आला. कोणी म्हणालं, "हळद असेल, भाजी चिरली असेल!" लखमशीभाई म्हणाले, "एकाच बोटानं भाजी?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

हे तसेच उभे. मला वाटलं, आता तडक बाहेर जाणार. पण ते म्हणाले, "माझी बहीण लेकीच्या बाळंतपणाला गेलीय. तिच्या घरी मूर्ती आहे. मी रोज पूजा करतो. मूर्ती मी मानत नाही. पण बहिणीची पूजा चुकलेली मला चालत नाही. हसायचं तेवढं हसा."

मग कोणी हसलं नाही हो. लखमशीभाई उठले आणि यांच्या पाया पडायला लागले. हे मागे सरकले, म्हणाले, "अहो, मी अजून तुमच्या विरुद्धच आहे!"

आणि खरंच मत विरुद्ध दिलं. पण ठराव झाला. एकाच छपराखाली दोन खोल्या, एकीत मूर्ती आणि दुसरीत सामायिकाची नुसती सतरंजी. ठराव झाल्या झाल्या यांनी विचारलं, "पूजेला सकाळी कोण येणार, आधी त्याची पाळी लावा. तुम्हा लोकांचा मला भरवसा नाही. आणि पाणी वाटीभर घ्यायचं, बादल्या नाही." आता त्यावर पुढची सभा आहे.

बाळ कधी येतंय?

तुमची
कस्तुर

—

ग्लासगो, १७ मार्च १९७७

प्रिय हिरजी आणि कस्तुर,

मुलगी झाली! परवा सकाळी, उजाडल्यावर. सरला सुखरूप आहे. बाळ लहानसं आहे, पण आवाज असा की हिरजी, तुझीच नात शोभते. महेंद्रकुमार दारामागे उभे राहून रडत होते आणि वर म्हणत होते, सर्दी झालीय. सरलानं मला विचारलं, "बा, तू खरंच पूर्ण वेळ राहिलीस?" मी म्हटलं, राहिले. तिला तेवढंच ऐकायचं होतं. मग झोपली.

मला सोयर आहे. लगेच आले असते तरी मूर्तीला हात लावता आला नसता. म्हणून उन्हाळ्याची चाहूल लागेपर्यंत इथेच राहते. हे लिहिताना मनात जराही धाकधूक नाही, याचं माझं मलाच आश्चर्य वाटतं. इतकी वर्षं मला वाटायचं, मी आहे म्हणून घरात भगवान आहेत. मी रात्रभरासाठीसुद्धा कुठे गेले नाही. सरलाच्या लग्नानंतर तिच्या घरी पहिल्यांदा राहिले ती आता. शांतिनाथांनी मला कधी धरून ठेवलं नव्हतं. मीच त्यांना गच्च धरून बसले होते.

हिरजी, आल्यावर पूजा माझी मला परत दे, असं मी म्हणणार नाही. तू मानू नकोस. मी तुला पुन्हा कधी विचारणारही नाही. सकाळची वेळ तुझी राहू दे, मी शेजारी बसून कस्तुरच्या बरोबर चंदन उगाळीन. तिला कसं उगाळतात ते नीट येत नाही, हे मला इथे बसूनही कळतं.

येईन त्या दिवशी माझी गाडी लेस्टरला भल्या पहाटे पोचेल. कोणी स्टेशनवर येऊ नका. घरी येऊन दार वाजवीन तेव्हा तू आत असशील. उघडायला धावू नकोस, हिरजी. मी बाहेर उभी राहीन. आधी पूजा पुरी कर.

तुमची
झवेर